मित्रांसोबत पहिलं हॅकेथॉन: टीम जमवण्यापासून डेमो देईपर्यंत

हॅकेथॉन म्हणजे टीमने ठरलेल्या तासांत एखाद्या प्रश्नावर चालतं अॅप बांधून दाखवायची स्पर्धा. तिच्या पोस्टरवर बक्षिसाची रक्कम सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेली असते. पहिल्यांदा जाणाऱ्या टीमने ती सोडून खालच्या बारीक ओळी वाचाव्यात: किती तासांचं आहे, टीममध्ये किती जण चालतात, आधी लिहिलेला कोड वापरता येतो का, रात्री कॅम्पसमध्ये थांबायची सोय आहे का.

मी ऐरोलीत नोकरी करतो आणि आसपासच्या कॉलेजांच्या हॅकेथॉनमध्ये मेंटर, म्हणजे टीमना सल्ला देणारा, म्हणून जातो. रात्री टेबलाटेबलावरून फिरताना एकच चित्र दिसतं. कोडिंग कच्चं म्हणून टीम अडत नाही. पहाटे चार वाजता पाच फीचर्स (अॅपमधल्या सोयी) अर्धवट उघडी पडलेली असतात आणि त्यातलं एकही सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत नसतं, तिथे घोडं अडतं. त्यामुळे या लेखात काय बांधायचं यापेक्षा काय सोडायचं हेच जास्त सापडेल.

कुठलं हॅकेथॉन निवडायचं

पहिल्या वेळेला 24 तासांचं, प्रत्यक्ष जागेवर होणारं आणि घरापासून एका लोकलच्या अंतरावरचं निवडा. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर आणि इकडे ठाण्यात कोपरी, घोडबंदर रोड या पट्ट्यात इंजिनिअरिंग कॉलेजं भरपूर आहेत, आणि त्यांच्या टेक फेस्टमध्ये हॅकेथॉन असतंच. अनस्टॉप आणि डेवफोलिओ या वेबसाइटवर नोंदणी निघते, पण खरी बातमी बहुतेक वेळा सीनियर्सच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधी येते. त्या ग्रुपमध्ये शिरून ठेवा.

ऑनलाइन हॅकेथॉन सोपं वाटतं, पण पहिल्यासाठी मी ते सुचवणार नाही. घरी बसलं की पाहुणे येतात, दळण आणायचं असतं, आणि चार जण चार घरांत असल्यामुळे कोण कुठे अडकलंय हे कोणालाच कळत नाही. एका टेबलावर बसलेल्या टीममध्ये समोरच्याचा चेहरा बघूनच कळतं.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉनबद्दल प्रत्येक जण विचारतो. 2017 पासून चालणारी ही सरकारी स्पर्धा आहे. समस्या मंत्रालयं आणि सरकारी खाती देतात, सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी सलग 36 तासांची असते. टीम सहा जणांची, सगळे एकाच कॉलेजचे आणि त्यात किमान एक मुलगी हवीच. आधी कॉलेजची अंतर्गत फेरी होते, मग कल्पनेचं सादरीकरण ऑनलाइन पाठवायचं, आणि त्यातून निवड झाली तरच पुढे. ही स्पर्धा जरूर करा; फक्त त्याआधी एखाद्या छोट्या हॅकेथॉनमध्ये एकत्र रात्र काढलेली असेल तर अंतर्गत फेरीतच फरक दिसतो.

नोंदणी करताना आयोजकांना दोन प्रश्न लगेच विचारा. रात्री थांबणाऱ्या मुलींसाठी वेगळी खोली आणि जबाबदार व्यक्ती आहे का, आणि घरी दाखवायला कॉलेजचं पत्र मिळेल का. लेटरहेडवरचं पत्र बघून बाबा तयार होतात. नुसतं "सगळे जण थांबतायत" म्हटल्यावर होत नाहीत.

मित्र आणि टीम या वेगळ्या गोष्टी आहेत

नियम सहा जणांची परवानगी देत असले तरी पहिल्यांदा चार पुरेत. सहा जणांत दोघांना कामच उरत नाही. ते आधी रील्स बघतात आणि मग वाद घालतात.

चौघांत एक स्क्रीन बांधणारा, एक सर्व्हर आणि डेटाबेस (म्हणजे मागची यंत्रणा आणि साठवलेली माहिती) सांभाळणारा हवा. तिसरी व्यक्ती या दोघांना जोडणारी, म्हणजे दोन्हीकडचं थोडं थोडं येणारी. आणि चौथी व्यक्ती कोडिंग न करणारी असली तरी चालेल, किंबहुना मला तशीच आवडते: ती लोकांशी बोलते, खोटा पण पटेल असा डेटा भरते, स्लाइड्स बनवते, दर दोन तासांनी अॅप उघडून काय मोडलंय ते सांगते. तिला "पीपीटीवाली" म्हणून हिणवणारी टीम मी शेवटच्या फेरीत फारशी पाहिलेली नाही.

नोंदणीआधी चौघांनी चहाला बसून काही गोष्टी तोंडावर बोलून घ्या. कोण खरंच रात्रभर थांबणार? रविवारी सकाळी कोणाला क्लास किंवा घरचं कार्य आहे का? आपण जिंकायला चाललोय की शिकायला? बक्षीस मिळालंच तर समान वाटणी, हे आत्ताच ठरवा. नंतर "कोड तर मीच लिहिला" हे वाक्य येतं आणि मैत्रीत खडा पडतो. शेवटचं म्हणजे, वाद झाला तर निर्णय कोणाचा? एकाचं नाव ठरवा. तो सगळ्यात हुशार नसला तरी चालेल, पण घड्याळाकडे लक्ष देणारा हवा.

आदल्या आठवड्यातली तयारी

स्पर्धेच्या दिवशी नवीन भाषा किंवा नवीन फ्रेमवर्क (अॅप बांधायचा तयार सांगाडा) शिकायचं नाही. चौघांपैकी दोघांना जे येतं ते वापरा, मग ते कितीही जुनाट वाटो.

एका सुट्टीच्या दिवशी कोणाच्या तरी घरी चार तास बसून रंगीत तालीम करा. विषय क्षुल्लक घ्या, उदाहरणार्थ वर्गाच्या सहलीचा हिशेब. त्यात एवढंच साधायचं: गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर एक रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा सामायिक फोल्डर), चौघांच्या लॅपटॉपवर तोच कोड चालू, एका फॉर्ममध्ये भरलेली माहिती डेटाबेसमध्ये गेली, आणि ती इंटरनेटवरच्या खऱ्या लिंकवर दिसली. हे चार तासांत झालं नाही तर स्पर्धेच्या दिवशीही पहिले चार तास यातच जाणार. एकाच्या विंडोजवर नोडची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) जुनी आवृत्ती असते, दुसऱ्याचा गिटहबचा पासवर्डच हरवलेला असतो; ही भानगड घरीच निस्तरलेली बरी.

गिटचं, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रोग्रॅमचं, थोडक्यात: प्रत्येकाने आपली ब्रँच (वेगळी प्रत) करा, काम सुरू करण्याआधी पुल (इतरांचे बदल आणणं), तासाभराने थोडं थोडं मर्ज (मुख्य कोडमध्ये मिसळणं). सहा तास कोणी मर्ज केलं नाही की पहाटे कॉन्फ्लिक्ट (दोघांच्या बदलांची टक्कर) येतो, कोणीतरी वैतागून फोर्स पुश (आपलीच प्रत जबरदस्तीने चढवणं) मारतो आणि दुसऱ्याचं काम मुख्य ब्रँचवरून नाहीसं होतं. एकाच फाइलमध्ये दोघांनी हात घालायचा नाही, हा नियम केलात तर निम्मे कॉन्फ्लिक्ट होतच नाहीत. पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवेची सोय आपल्या कोडमधून वापरायची गुप्त किल्ली) ज्या फाइलमध्ये असतात ती गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) पहिल्याच मिनिटाला टाका. सार्वजनिक रिपॉझिटरीत गेलेली की शोधत फिरणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) असतात.

बॅगेत काय? चार जणांत एक लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड, सगळे चार्जर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरचा डेटा पॅक, कॉलेजचं ओळखपत्र, आणि एक पातळ चादर, कारण कॉम्प्युटर लॅबचा एसी रात्री कोणी बंद करत नाही. कॉलेजच्या वायफायवर विसंबू नका. दोनशे लॅपटॉप एकदम जोडले की ते मान टाकतं, आणि काही कॅम्पसच्या फायरवॉलमध्ये डेटाबेसचे पोर्टच बंद असतात. मोबाइल हॉटस्पॉटवर तेच काम सरळ चालतं.

प्रश्न कुठून शोधायचा

विषय आधी जाहीर झाला असेल तर घराच्या आसपास बघा. परीक्षकांसमोर "जगभरातल्या शेतकऱ्यांसाठी" म्हणणाऱ्या टीम रांगेने येतात. वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका गाळ्यावर जाऊन हमालाशी, व्यापाऱ्याशी बोलून आलेली टीम क्वचित येते. बाजारभावांवर काही करायचं असेल तर डेटा डॉट गव्ह डॉट इनवर देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव एपीआयने, म्हणजे थेट तुमच्या कोडमध्ये, मिळतात, त्यामुळे खोटे आकडे रचायची गरज नाही.

लेखभर एकच उदाहरण घेऊ. घोडबंदर रोडवरच्या कितीतरी सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात. गेटवरचा वॉचमन एका लांबट वहीत लिहितो: तारीख, गाडी नंबर, वेळ, ड्रायव्हरची सही. पावसाळ्यात पानं चिकटतात, रात्रपाळीच्या वॉचमनचं अक्षर दिवसपाळीच्या वॉचमनला लागत नाही. महिनाअखेरीला पुरवठादाराचं बिल येतं. समजा बिलात 43 टँकर आहेत आणि वहीत 39. आता सेक्रेटरी वॉचमनवर ओरडणार, वॉचमन म्हणणार "साहेब, मी लिहिलं होतं", आणि शेवटी बिल तसंच भरलं जाणार.

हा प्रश्न चांगला का? ज्याला त्रास होतो तो माणूस समोर दिसतो, पुरावा म्हणजे ती वही तुम्ही फोटोत आणू शकता, आणि उत्तर एका वाक्यात सांगता येतं: आलेला प्रत्येक टँकर फोटोसह नोंदवायचा आणि बिलाशी ताळा करायचा. स्पर्धेआधी दोन वॉचमन आणि एका सेक्रेटरीशी बोलून घ्या. तिथेच कळेल की वॉचमनचा फोन स्वस्तातला आहे, गेटवर रेंज येते-जाते, आणि त्याला टाइप करायचा कंटाळा आहे. म्हणजे तुमच्या स्क्रीनवर एकच मोठं बटण हवं. हे बारकावे गुगलवर मिळत नाहीत.

पहिले तीन तास: लॅपटॉप बंद

घंटा वाजली की सगळे कोड उघडतात. तुम्ही कागद उघडा.

टँकरच्या अॅपसाठी चौघांच्या डोक्यातून पाच मिनिटांत निघणारी यादी अशी असते: ओटीपीने लॉगिन, टँकरचं थेट नकाशावर ट्रॅकिंग, रहिवाशांसाठी वेगळं अॅप, ऑनलाइन पेमेंट, पुढच्या महिन्याच्या पाण्याचा एआयने अंदाज, व्हॉट्सअॅपवर सूचना. ही सगळी यादी लिहा आणि मग त्यावर काट मारायला बसा. उरायला हवं ते इतकंच: वॉचमन बटण दाबतो, नंबरप्लेटचा फोटो निघतो, वेळेसकट नोंद होते, सेक्रेटरी महिना निवडतो, बिलातला आकडा टाकतो, फरक लाल अक्षरात दिसतो. बस्स. ही वाट मध्यरात्रीपर्यंत धडपणे चालली पाहिजे. बाकी सगळं स्लाइडवर "पुढचा टप्पा" म्हणून जाऊ शकतं.

काट मारताना काही गोष्टी माहीत असल्या की वाद लवकर मिटतात. एसएमएस पाठवायचा म्हटलं तर भारतात व्यावसायिक एसएमएसला डीएलटी नोंदणी (पाठवणाऱ्याची आणि मजकुराची टेलिकॉम कंपन्यांकडची नोंद) लागते, ती एका रात्रीत होत नाही. व्हॉट्सअॅपच्या अधिकृत बिझनेस एपीआयची जोडणी आणि टेम्प्लेटच्या मंजुऱ्या यांत वेळ जातो. सूचना दाखवायचीच असेल तर टेलिग्रामचा बॉट काही मिनिटांत तयार होतो. गुगल मॅप्सच्या एपीआयला बिलिंग खातं जोडावं लागतं. ओपनस्ट्रीटमॅप हा मोफत नकाशा आणि तो दाखवणारी लीफलेट ही लायब्ररी (तयार कोड) वापरली तर कार्ड लागत नाही. ओटीपीचं नाटक हवंच असेल तर फायरबेस या गुगलच्या सेवेत चाचणीसाठी ठरावीक नंबर आणि कोड टाकता येतो. पण माझं ऐकाल तर लॉगिनच काढून टाका. लॉगिन चाललं म्हणून गुण देणारा परीक्षक मला अजून भेटायचाय.

मग कागदावर तीन स्क्रीन पेन्सिलने काढा. त्याखाली सर्व्हर कोणती माहिती कोणत्या नावाने देणार ते लिहा: गाडी नंबर, वेळ, फोटोची लिंक, पाळी. या नावांवर चौघांचं एकमत झालं की स्क्रीनवाल्याने सर्व्हरची वाट बघत बसायचं नाही. त्याच नावांची खोटी नोंद घेऊन काम सुरू करायचं. कागदाचा फोटो ग्रुपवर टाका. रात्री दोन वाजता "टाइम" की "टाइमस्टँप" यावरून होणारं भांडण तिथेच संपतं.

रात्र

शनिवारी सकाळी अकराला सुरुवात धरली तर संध्याकाळी सहापर्यंत, दिसायला कितीही भिकार असो, एक नोंद फोनमधून निघून सेक्रेटरीच्या स्क्रीनवर उमटली पाहिजे. रात्री बारापर्यंत ताळा आणि लाल फरक. त्यानंतर रंगरूप, चुका, खोटा डेटा. सकाळी सातनंतर नवीन फीचर बंद, म्हणजे बंद. साडेसातला कोणाला तरी "भारी आयडिया" सुचतेच. ठरलेल्या माणसाने नाही म्हणायचं आणि बाकीच्यांनी रुसायचं नाही.

झोपेच्या पाळ्या लावा. दोन-दोन जणांनी तीन-तीन तास. जो डेमो देणार त्याला पहाटेची झोप द्या. पोट जड करू नका. मध्यरात्रीची बिर्याणी म्हणजे दीड वाजता चारही जणांची मान खाली. आयोजकांचं जेवण उशिरा येतं, म्हणून संध्याकाळीच वडापाव, केळी, चणे-फुटाणे आणून ठेवा.

कोणी रात्री घरी जाणार असेल तर ट्रान्स हार्बरची (ठाणे-नवी मुंबई लोकलची) शेवटची गाडी आधी बघून ठेवा, आणि परत यायचं असेल तर रविवारचा मेगाब्लॉकही. ठाण्याहून नेरूळला सकाळी येणारा गडी ब्लॉकमध्ये अडकला आणि प्रोजेक्ट त्याच्याच लॅपटॉपवर, असं होऊ देऊ नका. जाणाऱ्याने सगळं काम पुश करूनच (गिटहबवर चढवूनच) उठायचं.

मेंटर टेबलाशी येतो तेव्हा "सर, कसं वाटलं?" विचारू नका. मी "छान आहे" म्हणून पुढे जाईन, आणि तुम्हाला काहीच मिळणार नाही. अडलेली जागा दाखवा: "रेंज नसताना फोटो फोनवरच साठवायचा आहे, आमच्याकडे पाच तास आहेत, करावं का सोडावं?" अशा प्रश्नावर मेंटर खुर्ची ओढून बसतो.

एआयची मदत घ्यायची का? आधी नियमात परवानगी बघा; असेल तर घ्या, त्यात लाज नाही. पण टीममधल्या एकाला तरी प्रत्येक फाइल काय करते हे सांगता यायला हवं. परीक्षक एखाद्या ओळीवर बोट ठेवून "हे का?" विचारतो, आणि चौघं एकमेकांकडे बघतात, तेव्हा सगळं उघडं पडतं.

डेमो

तीन मिनिटं मिळतील असं धरा. त्यातला अर्धा मिनिट वहीच्या फोटोवर, दोन मिनिटं चालत्या अॅपवर, उरलेला अर्धा पुढच्या टप्प्यावर. "आमची टीम, आमचं टेक स्टॅक (वापरलेली साधनं)" ही स्लाइड शेवटी टाका किंवा टाकूच नका.

डेमोत दाखवायचा डेटा खरा वाटला पाहिजे. "टेस्ट 1", "एबीसी सोसायटी" नको. एमएच शून्य चारने सुरू होणारे ठाण्याचे गाडी नंबर, दिवसाला दोन-तीन टँकर, मध्येच एक दिवस रिकामा, आणि बिलात चार जास्त. ही भरणी चौथ्या व्यक्तीने रात्रीच करून ठेवायची.

मराठीत अहवाल काढणार असाल तर एक जागा हमखास दगा देते. स्क्रीनवर "सोसायटी" व्यवस्थित दिसतं, पण काही जावास्क्रिप्ट लायब्ररींनी थेट पीडीएफ बनवली की वेलांट्या सरकतात, जोडाक्षरं फुटतात आणि "टँकर"चा चंद्रबिंदू भलतीकडे जातो. देवनागरीची अक्षरं नीट जुळवण्याचं काम ब्राउझर करतो, या लायब्ररी करत नाहीत. म्हणून पान ब्राउझरमध्येच उघडा आणि तिथल्या प्रिंटमधून पीडीएफ काढा. दोन मिनिटांचं काम आहे. हे माहीत नसेल तर तीन तास फाँट बदलण्यात जातात.

अॅप इंटरनेटवर ठेवणाऱ्या रेंडरसारख्या सेवेच्या फुकट योजनेत सर्व्हर 15 मिनिटं कोणी वापरला नाही की झोपतो आणि उठायला मिनिटभर घेतो. परीक्षकांसमोरचं ते मिनिट फार लांब असतं. तुमचा नंबर येण्याच्या पाच मिनिटं आधी लिंक उघडून ठेवा. शिवाय पूर्ण डेमोचा स्क्रीन रेकॉर्ड केलेला व्हिडिओ फोनमध्ये आणि लॅपटॉपवर, दोन्हीकडे ठेवा. इंटरनेट गेलं तर न गडबडता व्हिडिओ लावायचा आणि बोलत राहायचं.

बोलायचं एकाने, अॅप चालवायचं दुसऱ्याने. प्रश्नांना ज्याने ते काम केलंय त्याने उत्तर द्यायचं. ठरलेले प्रश्न येतातच: वॉचमनने मुद्दाम नोंद केली नाही तर? एकच फोटो दोनदा टाकला तर? पैसे कोण देणार? उत्तर नसेल तर "यावर आम्ही अजून काम केलेलं नाही" हे सरळ वाक्य चालतं. रचून सांगितलेलं उत्तर दुसऱ्याच उपप्रश्नाला कोसळतं. बोलायची भाषा आयोजकांना विचारून घ्या. परवानगी असेल तर मोडक्या इंग्रजीपेक्षा सरळ मराठी किंवा हिंदी बरी.

निकालानंतर

निकाल काहीही लागो, परीक्षकांना गाठून "आम्ही कुठे कमी पडलो?" विचारा. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात, आणि ते लगेच लिहून घ्या, कारण त्या अवस्थेत दुपारपर्यंत काहीच लक्षात राहत नाही. गाडी चालवत घरी जाऊ नका. रात्र जागलेल्या माणसाने पाम बीच रोडवर स्कूटर काढणं हा शुद्ध वेडेपणा आहे. लोकल पकडा, आणि चौघांपैकी एकाने जागं राहा, नाहीतर सगळे मिळून ठाण्याऐवजी पनवेलला उतराल.

झोप झाली की दोन-तीन दिवसांत एवढं उरका. रिपॉझिटरीत एक स्वच्छ रीडमी लिहा: प्रश्न काय, अॅप कसं चालवायचं, कोणी कोणता भाग केला. मुलाखतीत "तू नेमकं काय केलंस?" विचारतात, तेव्हा प्रमाणपत्रापेक्षा हे पान कामी येतं. डेमोचा व्हिडिओ तिथेच जोडा, कारण फुकटचा डेटाबेस कधीतरी बंद पडणारच. रात्रीच्या घाईत बनवलेल्या सगळ्या एपीआय की रद्द करा, कोणी कार्ड जोडलं असेल तर काढून टाका, आणि डेटामध्ये खऱ्या वॉचमनचं नाव किंवा फोन नंबर राहिला असेल तर तो पुसा. मग एखाद्या संध्याकाळी त्या सेक्रेटरीकाकांकडे फोन घेऊन जा. ते कौतुक करतील आणि लगेच विचारतील, "यात मागच्या वर्षीचे टँकर कुठे दिसतात?" ते लिहून घ्या, पुढच्या हॅकेथॉनला लागेल.